हापशाजवळचा खड्डा

ग्यानोबाची बायको साखराबाई पहाटे अंधारात बाहेर बसायला गेली आणि साप चावून दगावली. तेव्हापासून त्याच्या मनात एकच होतं, घरात येणाऱ्या सुनेला असं रानात जावं लागू नये. देवणीजवळच्या त्या गावात मुलगा हरिओमचं लग्न ठरलं, तेव्हा मांडव घालायच्या आधी ग्यानोबानं संडास बांधला. खड्डा स्वतः खणला, पुरुषभर खोल. मोकळी जागा होती ती गल्लीतल्या हापशाला लागूनच. पलीकडं, हापशापासून लांब, गोठा होता. लाडकी गाय हलवून तिथं खड्डा घ्यायचं त्याला सुचलंच नाही.

सून उज्वला आली आणि पहिल्याच आठवड्यात म्हणाली, "मामा, माझ्या माहेरी बी अशी सोय न्हाई." ग्यानोबा दिवसभर खुशीत होता.

पुढं एका पावसाळ्यात गल्लीत कावीळ शिरली. आधी शेजारच्या पार्वतम्माचा नातू शिवांश आजारी पडला, मग घरोघर माणसं अंथरुणाला लागली. कुणी गळ्यात माळा घातल्या, कुणी झाडपाल्याचा रस पाजला. अशातच उज्वलाचे डोळे पिवळे झाले. तिला सातवा महिना होता. तिला तातडीनं लातूरच्या दवाखान्यात नेलं.

पाणी तपासायला आलेल्या आरती सिस्टर हापशापाशी थबकल्या. "काका, हा खड्डा लई जवळ हाय. यातली घाण जमिनीतून हापशाच्या पाण्यात उतरतीय. त्याच पाण्यातनं कावीळ पसरली."

ग्यानोबा तडक पार्वतम्माच्या दारात गेला.

"अक्का, तुझ्या शिवांशला मीच इख पाजलं गं."

पार्वतम्मानं मागं वळून पाहिलं. घरात शिवांश कण्हत होता.

"साखरा गेली तवा तुझे हाल पाहिलेत मी," ती म्हणाली. "सुनंच्या मायेनं खणलास. पण चूक ती चूकच. आता रडत बसू नको, कुदळ घे."

ग्यानोबानं गाय लिंबाखाली बांधली आणि गोठा पाडला. हापशापासून लांब, त्या जागी उथळ खड्डा घेतला. गल्लीतली माणसं न बोलावता मदतीला आली. जुना खड्डा उपसून बुजवला. सिस्टर होय म्हणेपर्यंत हापसा बंद ठेवला, आणि चुलीचुलीवर लांबून आणलेलं पाणी उकळू लागलं. शिवांश हळूहळू हिंडूफिरू लागला.

लातुरात उज्वला वेळेआधीच बाळंत झाली. मुलगी झाली, मुठीएवढी, पण आवाज खणखणीत. ग्यानोबा भेटायला गेला. त्याला सुनेकडं बघवेना. मान खाली घालून त्यानं सगळं सांगितलं.

उज्वलाचे डोळे अजून पिवळसर होते.

"मला कळलंय, मामा. ह्यांनी सांगितलं," ती म्हणाली. "पोरीला घेता का जरा? माझा हात अवघडला."

ग्यानोबा नळाकडं गेला. साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा धुतले. मग येऊन त्यानं ओंजळ पुढं केली.