गोठ्यातली बाटली

आमच्याकडं सहा गायी, त्यामुळं गोचिडांशी माझं जुनं वैर. त्यांचं औषध गोठ्याच्या कोनाड्यात कायम असायचं. तपकिरी बाटली, नाकात बसणारा उग्र वास. पाण्यात मिसळायचं आणि फडक्यानं गायी पुसून काढायच्या. उरलेल्यानं मी कुत्र्यालाही पुसायचे. त्याला कधी काही झालं नाही, आणि तिथंच माझी मती फिरली.

त्या उन्हाळ्यात मांजरी व्याली. तीन पिल्लं, डोळे नुकतेच उघडलेले, आणि आईच्या अंगावर पिसवाच पिसवा. त्या पिल्लांनाही चावून त्यांच्या हिरड्या पांढऱ्याफटक पडायला लागल्या होत्या. एवढ्याशा जिवात रक्त ते किती! शाळेला निघताना लेक म्हणाली, "आई, डॉक्टरांना फोन करून इचार ना. मांजराचं औषध येगळं असतं."

"गायीला चालतं, कुत्र्याला चालतं, मग हिलाच काय हुतंय?"

"अगं, ती अंग चाटती!"

"मला नको शिकवू. एसटी जाईल तुझी."

पिल्लं लहान म्हणून त्यांना सोडलं, तेवढी तरी अक्कल होती. आईला मात्र शेपटीपर्यंत पुसलं. ती उन्हात बसून अंग चाटायला लागली. मी कौतुकानं बघत राहिले.

दुपारी कडब्याची कुट्टी करताना दिसलं, तिचे कान फडफडत होते. माशी नव्हती. कुत्रा तिच्यापासून लांब उभा राहून कुंईकुंई करत होता. तरी म्हटलं, एवढी पेंढी संपवू आणि बघू.

संपवून गेले तर ती पिल्लांपाशी आडवी पडली होती. तोंडातून लाळ, पाय ताठ, अंग थरथर कापत होतं. आणि पिल्लं आपली लुचतच होती. अरे देवा! एकेकाला ओढून काढलं. आमच्या मालकांनी मोटारसायकल काढली. तिला टॉवेलात गुंडाळून मी मागं बसले. राहुरीचा दवाखाना येईपर्यंत तिचे आचके मला मांडीवर कळत होते.

डॉक्टरांनी नुसता वास घेतला. "गोठ्यातलं लावलं का?"

मी मान डोलावली.

"ताई, कुत्र्याला खपलं म्हणून मांजराला खपत नाही. तिच्या अंगाला हे विष पचतच नाही. पहिल्यांदा काय दिसलं?"

"कान फडफडत हुते."

"तेव्हाच आणायची."

त्यांनी तिला धुतलं, इंजेक्शनं दिली. ती टेबलावरच गेली. परतताना मालक एवढंच म्हणाले, "अति शहाणा त्याचा बैल रिकामा." एरवी मी त्यांना सोडलं नसतं.

पाचला लेक आली. सांगायला मला तोंड नव्हतं, पण सांगितलं. पेंढीचंही सांगितलं. ती रडली नाही, भांडली नाही. पिल्लांचं खोकं उचलून स्वतःच्या खोलीत घेऊन गेली.

डॉक्टरांना फोन तिनंच केला. इतक्या लहान पिल्लांना औषध नको म्हणाले, बारीक फणीनं पिसवा काढायच्या. ती रोज काढायची आणि साबणाच्या पाण्यात टाकायची. दवाखान्यातनं मांजरीच्या पिल्लांसाठीची दूध पावडर आणून ड्रॉपरनं पाजायची. चौथ्या दिवशी मी दारात उभी राहून म्हटलं, "दे, एकाला मी पाजते."

तिनं पिल्लू छातीशी धरलं.

"आधी हात दाखव," म्हणाली. मी पुढं केले. तिनं दोन्ही तळहात नाकाशी नेऊन हुंगले, मग हळूच बाजूला सारले.

"राहू दे आई. मी पाजते."