आत्याने आधीच मानलेले आभार

आधीच सांगून टाकतो... या सदरातल्या बाकी अनुभवांसारखं यात वड-पिंपळ नाही, पांढरी साडी नाही, अमावस्या तर नाहीच नाही. भर दुपारची गोष्ट आहे आणि साक्षीला चाळीसेक माणसं आहेत. त्यातली निम्मी तर हातात ताट घेऊन उभी होती.

माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. लातूर जिल्ह्यातल्या मुरुडला माझं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर लोकांना "वरची ओळ दिसते का, खालची दिसते का" एवढंच विचारायचं. दिसलं तर आहे, नाही दिसलं तर नंबर वाढवायचा. त्यात आमचं घर बौद्ध. देव, भूत, नवस, अंगात येणं... या सगळ्याला आमच्या आजोबांनीच रामराम ठोकलेला. आम्हा पोरांना बागुलबुवासुद्धा कुणी दाखवला नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणतो, एसटीत ड्रायव्हर होते. आता वय अठ्ठ्याहत्तर. तीन-चार वर्षांपासून विसरायला लागले. आधी किल्ल्या, मग शेजाऱ्यांची नावं, मग माझं. ड्युटी मात्र विसरले नाहीत. रोज सकाळी आंघोळ करून, शर्ट घालून ओट्यावर येऊन बसायचे आणि विचारायचे, "सोलापूर गाडी लागली का?" मग आमच्यापैकी कुणीतरी म्हणायचं, "दादा, आज तुमची सुट्टी मांडलीय." एवढं ऐकलं की खुश. परत आत जाऊन पडायचे.

मागच्या वर्षी फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी मला वाटलं, संगीताने सांगितलं... आणि संगीताला, म्हणजे माझ्या बायकोला, वाटलं मी सांगितलं. कुणीच सांगितलं नाही. दादा ड्युटीवर निघून गेले.

अर्ध्या तासाने लक्षात आलं. स्टँड पालथं घातलं. पोलिसात नोंद केली, फोटो शंभर ग्रुपवर टाकला. तोंडात कायम सोलापूर, म्हणून मी आणि मेव्हणा मोटारसायकलवर बार्शी, तिथून सोलापूर. एकेक कंडक्टर गाठून विचारलं. काही नाही. दादांना बीपीची गोळी रोज लागते. खिशात ना फोन, ना पत्ता. शुक्रवारी सोलापूरच्या सरकारी दवाखान्यात एक बेवारस म्हातारा ठेवलाय असं कळलं. त्याच्या तोंडावरची चादर मीच बाजूला केली. ते दादा नव्हते. मी बाहेर येऊन फूटपाथवर बसलो आणि लहान मुलासारखा रडलो.

घरी आल्यावर संगीता म्हणाली, "देगलूरच्या आत्याला कळवा. सख्खी बहीण हाय त्यांची."

आता ही आत्या. सुमनआत्या, दादांची एकुलती एक धाकटी बहीण. नांदेड जिल्ह्यात देगलूरला दिली होती. तिकडे ती आणि तिचे मालक ख्रिस्ती झाले. दादा भडकले. "बापानं तेहतीस कोटी सोडले आन् तू परत एक धरून बसलीस?" असं भर अंगणात म्हणाले, आणि त्यानंतर सव्वीस वर्षं तिच्या घरचं पाणी प्यायले नाहीत. तिचे मालक वारले तेव्हासुद्धा बाहेरच्या बाहेर माती देऊन आले. आत्या मात्र दर वर्षी फोन करायची. दादा उचलायचे नाहीत.

मी फोन केला. आत्याने कधीपासून ते विचारलं. मग म्हणाली, "थांब, ठेवू नको." आणि फोनवरच प्रार्थना सुरू केली... "बापा, माझा भाऊ तुझ्या हातात हाय, तू लई दयाळू हायस..." मी फोन स्टुलावर ठेवून दिला. खरं सांगतो, राग आला होता. इथे माणूस सापडेना आणि हिचं काय चाललंय!

शनिवारी सकाळी तिचाच फोन.

"उद्या आभाराची भक्ती ठेवलीय. दुपारी जेवण हाय. तू आन् संगीता या."

"कसले आभार? दादा सापडले का?"

"अजून न्हाई."

"मग?"

"तुझा फोन झाला, त्याच्यानंतर ठरवलं बघ. आमच्यात मागितलं की लगेच आभार मानायचे असतात. मिळाल्यावर तर कुणी बी मानतंय."

मी तिला काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. आत्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "उपाशी फिरायलास तू. ये, जेवून जा."

मी गेलो ते जेवायला नाही, भांडायला. चार लोकांसमोर तिला विचारायचं होतं की बाप मरायला टेकलेला असताना पंगती कसल्या उठवता. मुरुडहून लातूर, लातूरहून उदगीर, उदगीरहून देगलूर. सकाळी निघालो ते पोचायला साडेबारा. आत्याचं घर मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या मागे, बोळातल्या बोळात. आधीचं घर विकून पाच वर्षांपूर्वी ती इथे आली होती. बाहेर पाटी नाही, काही नाही. मलाच तीनदा विचारावं लागलं, वर दोनदा फोन. हे लक्षात ठेवा.

घरापुढे पत्र्याचा मांडव, सतरंज्या. चाळीसेक माणसं. निम्म्या बायका आपसात तेलुगू बोलणाऱ्या, गाणी मराठी. मोठ्या पातेल्यात मटण, दुसऱ्यात भात. एक ताट वेगळं काढून फडक्याने झाकलेलं. मी विचारलं, हे कुणाचं? आत्या म्हणाली, "भावाचं."

माझं भांडण तिथेच राहिलं. आत्या केवढीशी झाली होती! डोळे रडून सुजलेले. म्हणजे हिलाही माझ्याइतकीच भीती होती... आणि तरी ती उभी राहून हात वर करून आभार मानत होती. आवाज फाटत होता, पण मानत होती. पाठोपाठ सगळे "आमेन" म्हणाले आणि ताटं वाढायला सुरुवात झाली.

आणि दादा आत आले.

म्हणजे कसे... बोळातून सरळ, एकटे, चालत. दारात चपला काढल्या. तोच गुरुवारचा पांढरा शर्ट, पण धुतलेला, इस्त्री केलेला. दाढी केलेली. तीन दिवस रस्त्यावर असलेल्या माणसाचे पाय असे स्वच्छ नसतात हो. मांडवभर नजर फिरवली आणि आत्याकडे बघून म्हणाले, "सुमे, गाडी लेट झाली. जेवण उरलंय का?"

गेल्या वर्षभरात त्यांनी एकाही माणसाचं नाव घेतलं नव्हतं.

आत्याने त्यांना मिठी मारली, मी खालीच बसलो, बायका तेलुगूत रडायला लागल्या. दादांना या गोंधळाचं काही नाही. ते सतरंजीवर बसले आणि जेवले. सव्वीस वर्षांनी बहिणीच्या घरी, मागून मागून, दोनदा रस्सा घेऊन. मी विचारलं, "दादा, तुम्हाला इथं कुणी आणलं?"

"तो माणूस आला की सांगायला. बहिणीनं जेवायला बोलावलंय म्हणला."

"कोण माणूस?"

"चांगला होता," एवढंच. मग भात मागितला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवलं. बीपी ठीक. मी गप्प बसणारा नाही. देगलूर स्टँडसमोरच्या दुकानदाराच्या हातापाया पडून कॅमेरा बघितला, रविवारी सकाळपासूनची एकेक गाडी. दादा कुठल्याच गाडीतून उतरले नाहीत. ग्रुपवर परत टाकलं की ज्याने सांभाळलं त्याने कृपया समोर यावं, पाया पडायचंय. कुणी आलं नाही. तरीही मी मनाची समजूत घातली. कुणी भला माणूस भेटला असेल, त्याने ठेवून घेतलं, मोटारीने आणून सोडलं. दादांना देगलूर आठवलं असेल. आत्याच्या बोळात कसे शिरले ते सोडून द्या.

मंगळवारी मुरुडला आलो. स्टँडवरचे चहावाले रफिकभाई गुरुवारी सकाळीच गाडा बंद करून गावाला गेले होते, ते परतल्यावर दादांची खुशाली विचारायला दुकानात आले. म्हणाले, "पोचले ना काका बहिणीकडं? गुरुवारी माझ्याकडंच चहा पिले. म्हणले, रविवारी देगलूरला बहिणीनं जेवायला बोलावलंय. मला वाटलं रोजच्यासारखंच कायतरी बोलतात. माफ करा साहेब, तवाच सांगायला पाहिजे होतं."

रफिकभाईंना मी तीनदा विचारलं. गुरुवारीच ना? रविवारच म्हणाले ना? हो आणि हो.

आत्याने ते जेवण ठरवलं शुक्रवारी, माझ्या फोननंतर. गुरुवारी सकाळी त्या जेवणाची गोष्ट या जगात कुणालाच ठाऊक नव्हती. खुद्द आत्यालासुद्धा.

मी अजून बौद्धच आहे, आत्यानेही कधी चल म्हणून आग्रह केला नाही. महिन्यातून एका रविवारी दादांना देगलूरला नेतो. माझं नाव त्यांना अजून आठवत नाही. आत्याच्या हातचं मात्र पोटभर जेवतात आणि परतताना गाडीत समाधानाने झोपतात. मलाही बरं वाटतं. त्या मांडवात बसलं की का कोण जाणे, छातीवरचं ओझं हलकं होतं.

मध्ये एकदा धीर करून मी आत्याला विचारलं, "त्या दिवशी दादा आलेच नसते तर गं?"

आत्या भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "तर लई रडले असते. पण ताटं वाढलीच असती. भाऊ माझ्या हातात नव्हता, त्याच्या हातात होता. त्याच्याकडं जिता असू दे न्हाईतर मेलेला, हरवलेला कसा म्हणायचा?"

दादा तिथे कसे पोचले, याचं उत्तर मला आजतागायत मिळालेलं नाही. कुणी कधी पटणारं सांगितलं तर मी ऐकूनही घेईन. पण ते यायच्या आधी, सुजलेल्या डोळ्यांनी, फाटक्या आवाजात आभार मानणारी माझी आत्या मी समोर उभी बघितली आहे... आणि तिचं ते आभार मानणं मला त्याहूनही कमी कळलंय.