तापाऐवजी लिहिलेला अर्ज

तहसील कचेरीसमोरच्या चिंचेखाली माझी, म्हणजे लोकांचे अर्ज लिहून देणाऱ्याची, चटई व लिहिण्याची पेटी असे, आणि समोरच्या खिडकीआड माझ्या बालमित्राची खुर्ची. आम्ही दोघे चौथीपर्यंत एकाच शाळेत शेजारी बसलो होतो. पुढे माझे शिक्षण तुटले. तो शेवटची परीक्षा उत्तीर्ण होऊन कचेरीत कागदांच्या नकला उतरवणारा नकलनवीस झाला. माझ्यासारखी वाक्यरचना त्या कचेरीत एकासही साधत नसे, हे मी जबाबदारीने लिहितो. तथापि पंखा हलत असे तो त्याच्या डोक्यावर.

त्याचे अक्षर सुरेख, म्हणून इतरांच्या नकलाही त्याच्याच मेजावर येत. कागदांचा ढीग इतका वाढला की बाहेरून त्याची केवळ पगडी दिसे. मला त्या ढिगाचाही हेवा वाटे. एवढे काम माझ्यावर कोणी विश्वासाने टाकले नव्हते.

एके दिवशी मधल्या सुटीत तो माझ्या चटईवर, अर्जदारांच्या जागी येऊन बसला. महिनाभराची रजा हवी होती. स्वतःचा अर्ज त्याने चारदा लिहून चारदा फाडला होता.

"पाच शब्द झाले का हात थरथरते गा," तो म्हणाला. "साहेबाची घंटी वाजली का छातीत धस्स होते. घरी जेवतानाही तेच आयकू येते."

मी विचारले, मग लिहू काय?

"ताप लिही. सगळे तेच लिहितेत. हे खरं लिहिलं त नोकरी जाईन माही."

खरोखरच जाण्याजोगी होती. डोक्याचा बिघाड कागदावर आला की डॉक्टरकडे रवानगी होई, आणि डॉक्टरने नापास केले की दुसरा माणूस खुर्चीवर बसे. हे मला ठाऊक होते; ठाऊक असूनच मी ताप लिहिला नाही. अर्जदाराचे चित्त कामाच्या ओझ्याने ठिकाणावर राहिलेले नाही, घंटेच्या आवाजाने त्यास कंप सुटतो, आणि वीस वर्षांत एकही नक्कल न चुकलेल्या हाताची त्यास आता भीती वाटते, असे मी लिहिले. त्यात किती भाग हेव्याचा व किती कारागिरीचा, ते मला तेव्हाही नीट वेगळे करता आले नाही.

निरक्षर अर्जदारास मजकूर वाचून दाखवावा लागतो. त्याला वाचता येत असूनही मी मोठ्याने वाचला. खुर्चीवरच्या माणसाने एकदा खेडुतासारखे खाली मान घालून ऐकावे, ही माझी इच्छा होती. त्याने तसेच ऐकले. मला भरून आले, की भीती वाटली, कोण जाणे. मी कागद परत मागितला. तापाचा दुसरा लिहून देतो म्हणालो.

त्याने दिला नाही. "राहू दे. घरी बायकोलेही मले हे सांगता आलं नवतं," म्हणाला, आणि सही करून आत गेला.

त्याला डॉक्टरकडे पाठवलेच. ते आठ दिवस त्याची खुर्ची रिकामी होती आणि मला एकही अर्ज धड जमला नाही. शेवटी डॉक्टरांनी दोन महिने विश्रांती लिहून दिली, तहसीलदारसाहेबांनी जागा राखली, आणि इतरांच्या नकला ज्याच्या त्याला परत वाटल्या. तो भिवापूरला भावाच्या शेतावर गेला. अर्ज माझा, विश्रांती त्याची; मला रजा देणारे त्या चिंचेखाली कोणीच नव्हते.

पुढे आतले दोन कारकून तसाच अर्ज मागायला आले. मी त्यांना ताप लिहून दिला.

तो परतला तेव्हा अंगाने भरला होता. माझ्याकडे पाहून हसला, आत गेला, पंख्याखाली बसला आणि टाक उचलून न थांबता लिहू लागला. त्याचा हात मी खिडकीतून पाहत राहिलो. तो स्थिर होता, आणि मला पूर्वीइतकाच हेवा वाटला.