उसनं विरजण

शिलाईचं मशीन थांबलं की मास्तरांचं पोट बोलायला लागायचं. गिऱ्हाइकाची छाती मोजायला ते वाकले की आतून गुरगुर ऐकू यायची आणि शेजारी काज-बटणं करणारी त्यांची बायको मुद्दाम खोकायची.

दाढ सुजली म्हणून जालीम गोळ्या घेतल्या, तेव्हापासून हे सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, काळजीचं काही नाही. समोरच्या औषधवाल्याने मात्र दोघांना बाकड्यावर बसवून समजावलं.

"मास्तर, आतड्यात चांगल्या जंतूंचीही वस्ती असते. गोळ्यांनी चोराबरोबर संन्याशालाही फाशी दिली."

"मग आता?"

"वस्ती पुन्हा बसवायची. घरचं ताजं दही खा. आणि त्या जंतूंचं खाणं म्हणून कडधान्यं, पालेभाज्या, केळी. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, पण धीर धरून बघा." मग त्याने बायकोच्या हातात झाकणाची वाटी दिली. "वहिनी, हे माझ्या घरचं विरजण. दूध बोटाला सोसेल इतकंच कोमट असू द्या. जास्त तापलेल्यात हे जगत नाही."

औषधवाला एकटा राहायचा. केस दाट, पोट सपाट.

गुण आला, आणि तिथेच माशी शिंकली. बायको येईल त्या गिऱ्हाइकाला सांगू लागली, "समोरच्यांच्या दह्याने हे माणसात आले." ते ऐकताना मास्तरांची कात्री कापडात अडायची. आपल्या आतड्यांच्या अंधारात त्या माणसाच्या घरची पिलावळ नांदते आहे, आपण चावलेल्या घासावर पोसते आहे आणि वर आपल्यालाच बरं करते आहे. बरं होण्यातही अपमान असतो, हे त्यांना या वयात कळत होतं.

गारठा पडला तशी बायको दह्याचं भांडं त्यांच्या मफलरमध्ये गुंडाळून ठेवू लागली.

"अगं, मफलर माझा आहे."

"तुम्हाला कुठे थंडी वाजते? त्याला वाजते."

"त्याला कुणाला?"

"दह्याला. आणखी कुणाला?"

एका संध्याकाळी ती शिवलेले कपडे पोचवायला निघाली. "दूध निवलं की विरजण लावा," एवढंच सांगून गेली. मास्तर थांबले नाहीत. होतं नव्हतं तेवढं सगळं विरजण भांड्यात घेतलं आणि त्यावर उकळतं दूध ओतलं. वाफ तोंडावर आली. त्यांना फार बरं वाटलं.

सकाळी भांड्यात नुसतं फुटकं पाणी होतं. "मेलं वाटतं," बायको म्हणाली. तिने रिकामी वाटी उचलली, आरशापुढे केस सारखे केले, चपला घातल्या.

"कुठे निघालीस?"

"समोर. विरजण आणायला."

आपण आपल्याच हाताने हिला तिकडची वाट काढून दिली, हे मास्तरांना तेव्हा उमगलं. "थांब. मी जातो," ते म्हणाले.

औषधवाल्याने वाटी भरून दिली. "घ्या, हे तुमचंच आहे."

"म्हणजे?"

"माझं मागेच बिघडलं होतं. वहिनींनी तुमच्या भांड्यातलं आणून दिलं."

रस्ता ओलांडेपर्यंत मास्तर खुशीत होते. म्हणजे आता त्याच्या पोटात आपली वस्ती. पण दुकानाची पायरी चढता चढता दुसरा विचार आला. ती कधी गेली होती? आणि बोलली का नाही?

"त्याला विरजण दिलंस, मला सांगितलं नाहीस."

"त्यात काय सांगायचं? उद्या चिमूटभर मीठ दिलं तर तेही सांगू?"

"सांगायचं."

दूध ढवळणारा तिचा हात थांबला. तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "काल दूध उकळतंच ओतलंत ना?"

मास्तर मफलरची घडी घालू लागले.

"माणसाशी भांडायची हिंमत नाही, म्हणून दह्याशी भांडलात? पोट कुणाचं दुखलं असतं?"

त्यांनी हात धुतले आणि दुधात बोट बुडवलं. "एवढं चालेल?"

"अजून निवू द्या."

ते भांड्यापाशी उभे राहिले.

त्या दिवसापासून विरजण मास्तरच लावतात. बायकोला घरकामात हातभार लावणारा नवरा म्हणून गिऱ्हाइकांत त्यांचं कौतुक होतं. समोरच्याला लागलं तर वाटीही तेच घेऊन जातात, आणि तो ती रिकामी करेपर्यंत काउंटरपाशी उभे राहतात. वाटी परत करायला त्याने दुकानात यायला नको.