शालूबाईंकडचा डबा

नाताळात आमच्या सासूबाईंनी, सालोमीबाईंनी, शेजारच्या शालूबाईंकडे करंज्यांचा डबा दिला. आमच्या मळवलीत कुणी डबा रिकामा परत करत नाही, काहीतरी गोड घालूनच देतात. पण फेब्रुवारी सरला तरी डबा आला नाही. उलट आम्हाला पाहिलं की शालूबाई दार लोटून घ्यायच्या.

"ख्रिस्ती घरचं खाल्लं नसंल. गुरांना घातलं असंल," सासूबाई म्हणायच्या. संध्याकाळची प्रार्थना संपली की पुन्हा तोच संशय. एवढा जुना शेजार तुटतो की काय, याची मला धास्ती.

शेवटी सासूबाई मला घेऊन थेट शालूबाईंच्या दारात उभ्या राहिल्या. "शालू, डबा कुटं हाय?"

शालूबाईंनी फडताळातून लखलखीत घासलेला डबा काढला. "करंज्या पोरांनी त्याच दिशी संपवल्या, मावशी. पन दिवाळीत इंदुरी गावचं दीर वारलं. वरीसभर घरात गोडधोड करायचं न्हाई. रिकामा डबा कसा देऊ? लाज वाटती."

देवाची कृपा रिकाम्या हातांनीच घ्यायची असते, तिची परतफेड नसते, हे दर रविवारी मुलांना सासूबाईच शिकवतात.

"दे तसाच," डबा पदराखाली घेत त्या म्हणाल्या. "आन् च्या टाक. बिनसाखरेचा चालंल."