फळ्याच्या कोपऱ्यातली नावं

बाईंच्या हातात खडू आला की त्या आधी फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात नावं लिहीत. नवं संशोधन सुरू करायचं असलं की चहा येण्याआधी हे काम. कोण काय करणार आणि निबंध छापला जाईल तेव्हा कुणाचं नाव कितवं, हे सगळ्यांसमोर ठरायचं. भोवती चौकट आखून खाली 'पुसू नये' असं लिहिलेलं. फळा रोज वापरात असे, पण झाडलोट करणाऱ्या मावशीही तो कोपरा सोडून फडकं फिरवत.

"काम झाल्यावर नावं घालायला बसलं की ज्याची खुर्ची मोठी त्याचं नाव पहिलं येतं," त्या म्हणायच्या. "म्हणून आधी नावं, मग काम."

सांगलीच्या एका महाविद्यालयात त्या व्यायामाचं शरीरशास्त्र शिकवायच्या. मी तिथेच संख्याशास्त्राचा शिक्षक. इतरांनी गोळा केलेले आकडे तपासून द्यायचे म्हणून बाई मला 'हिशेबनीस' म्हणत. बाकी सगळ्या मॅडम होत्या, या मात्र बाई. मूळच्या शिराळ्याच्या. वर्गात भाषा छापील. राग आला की शिराळ्याची बोली बाहेर यायची.

रागाचा विषय ठरलेला. पळण्याच्या चाचण्यांचे जे तक्ते आमच्यापर्यंत येत, ते बहुतेक पुरुषांना पळवून केलेले असत आणि तेच थोडे कमी करून मुलींना लावले जात. "पोरगी म्हंजे बारक्या मापाचा पोरगा न्हवं," असं म्हणून बाई निबंधाच्या पहिल्या पानावरच्या नावांवर बोट ठेवायच्या. "हितं बाई न्हाई, मग आत तरी कुठनं येणार?"

मंगल ही त्यांची विद्यार्थिनी, आटपाडीची. साताऱ्यात पोलीस आणि सैन्यभरतीसाठी मैदानावर पळणाऱ्या मुलींचा अभ्यास करायचं ठरलं. पाळीच्या दिवसांत दम आणि वेग किती बदलतो, हा प्रश्न. फळ्यावर मंगलचं नाव पहिलं लागलं, मग बाईंचं, मग माझं, शेवटी विभागप्रमुखांचं. मंगल साताऱ्यात खोली घेऊन राहिली. नोंदी कशा घेतात ते पाहायला मी एकदा गेलो, तर मुली गप्प. त्यातली एक मोठ्यानं म्हणाली, "ताई, या सरांना आधी पाणी पाजा. पाळीचं ऐकून चक्कर यायची त्यांना." सगळ्या खिदळल्या. मी मुकाट्यानं मैदानाच्या कडेला जाऊन उभा राहिलो. मंगलला मात्र त्या सगळं सांगत होत्या. ती नसती तर त्या तक्त्यातला एकही रकाना भरला नसता.

निबंध तयार झाला, तेव्हाच मंगलचं लग्न ठरलं. विभागप्रमुखांनी मसुद्यावर स्वतःचं नाव पहिलं घातलं. मंगल शेवटच्या आभारांत गेली.

"बाई, ती आता संसाराला लागणार," ते म्हणाले. "पहिल्या नावाचं काय लोणचं घालणार आहे?"

"मग तुमी तरी काय लोणचं घालणार हाय?"

"फळ्यावरचं काय हो, पुसलं की गेलं."

"मग माझंबी पुसा. आन् साताऱ्याच्या पोरींना सांगते, तुमची माहिती परत घ्या म्हणून."

मीही माझं नाव काढायला सांगितलं. बरेच दिवस मसुदा विभागप्रमुखांच्या टेबलावर पडून होता. मग मसुदा परत आला. मंगल पहिली होती.

त्याच सुमारास महाविद्यालयाच्या अहवालासाठी मी सगळ्यांच्या निबंधांची मोजदाद करत होतो. बाईंना विचारलं, "तुमचं लग्नाआधीचं काही सापडत नाही."

"ते विमलच्या नावावर आहे."

माहेरच्या त्या विमल. लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं 'शैलजा' लिहिलं. आडनाव तर बदललंच. पुढे बढतीच्या मुलाखतीत त्यांना सांगण्यात आलं, हे काम दुसऱ्या बाईंचं दिसतं.

"कागद दाखवले नाहीत?"

"दाखवले. पुढच्या खेपेला बघू म्हणाले."

मंगलच्या लग्नाला आम्ही एसटीनं आटपाडीला गेलो. तांदळाचं ताट पुढे आलं तशा बाई खुर्चीवरून उठल्या आणि मंगलच्या सासूबाईंजवळ गेल्या.

"आवं, हिचा निबंध छापायला गेलाय. नाव बदललं तर त्यो दुसऱ्या बाईचा व्हईल. नाव-आडनाव हाय तसं राहू द्या."

"मग आमच्या घरात आली ती कोण म्हणायची?"

"मंगलच. एवढी गुणाची सून मिळालीय, ती कामासकट घ्या की."

सासूबाईंनी तोंड फिरवलं. मंगलनं मान वर केली आणि नवऱ्याला हळूच म्हणाली, "मला हेच नाव पाहिजे." तो आईकडं बघत घुटमळला, मग त्यानं अंगठीनं 'मंगल' लिहिलं.

"हाय तेच ल्ह्यायचं होतं, तर तांदूळ कशाला पसरलं?" सासूबाई पुटपुटल्या. मांडवात हशा पिकला. बाई हसल्या नाहीत. त्या ताटाकडं बघत होत्या.

दोन वर्षांपूर्वी बाई गेल्या. शोकसभेत त्यांचं कार्य वाचलं गेलं, त्यात विमलचं काहीच नव्हतं. मंगल आता सांगलीतच शिकवते. विमलच्या नावावरचे जुने निबंध बाईंच्या नंतरच्या नावाला जोडावेत म्हणून तिनं ते छापणाऱ्या नियतकालिकाला लिहिलं. उत्तर सभ्य होतं. असा बदल फक्त लेखिकेच्या स्वतःच्या विनंतीवरून करता येतो.

"सर, बाईंनी स्वतः कळवायला हवं म्हणतात," फोन माझ्यापुढे धरून ती म्हणाली.

तिच्या विद्यार्थिनी वर्गात थांबल्या होत्या. नवा अभ्यास सुरू व्हायचा होता. ती उठली, खडू घेतला आणि उजव्या कोपऱ्यात चौकट आखली. प्रत्येकीला विचारलं, "कुठल्या नावानं छापायचं? पुढंही तेच ठेवणार ना?" मग एकेक नाव लिहिलं.

संगणकावर शोधलं की आजही दोन बायका निघतात. एक विमल, तिचं काम लग्नाच्या वर्षी थांबतं. दुसरी शैलजा, तिचं त्यानंतर सुरू होतं. मी दोघींचे निबंध एकाच नावाखाली धरून मोजतो.