उन्हाळ्याचं तेल

लग्न होऊन मी ब्राह्मणपुरीला आले तेव्हा आमच्या दारात मोटर उभी होती. आजूबाजूच्या गावांत दुसऱ्या कुणाकडे तेव्हा मोटर नव्हती. सासऱ्यांनी ती सुरतेच्या एका पारशाकडून जुनी विकत घेतली होती. वर कापडी टप आणि बाजूला रबराचा भोंगा होता. सासऱ्यांना घरातले सगळे आबा म्हणत. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. माझे यजमान धुळ्याला शिकत आणि सुट्टीत तेवढे घरी येत. म्हणजे घरात आम्ही चौघंच, आबा, माझे जेठ म्हणजे थोरले दीर, जेठाणी आणि मी. जेठाणीला मी जिजी म्हणत असे.

मोटर जेठ चालवत, पण तिचं तेल आबांच्या ताब्यात असे. त्या पारशानं मोटर देताना आबांना बजावलं होतं की तुमच्या खानदेशातल्या उन्हात इंजिनाला एकच तेल बारा महिने चालायचं नाही. थंडीत घालतात ते पातळ तेल चैत्रात पाण्यासारखं होतं, धुरावाटे जळून जातं, मग लोखंडावर लोखंड घासतं आणि इंजिन बसतं. आबांनी ते वेदवाक्य मानलं. दिवाळी झाली की पातळ तेल आणि होळीच्या आदल्या दिवशी जाड तेल, हा घरचा सणच झाला होता. जेठ आधी मोटर लोणखेड्यापर्यंत फिरवून आणत, कारण इंजिन तापलं की तेल सैल होऊन सगळं खाली उतरतं. मग खाली घमेलं लावायचं आणि बूच काढायचं. काळंभोर तेल धारेनं पडू लागलं की आबा त्यात दोन बोटं बुडवून अंगठ्यानं चोळत आणि उन्हात धरून बघत. लोखंडाचा कीस लागला तर जेठांना चारचौघांत शिव्या बसत. नवं तेल काकवीसारखं घट्ट, सावकाश उतरायचं. जुनं बैलगाड्यांच्या आसांना जायचं. आणि त्या दिवशीचे तेलकट कपडे पापडखार लावून धुवायचं काम जिजीचं. धुऊन डाग राहिला तर त्या शिव्या तिला.

माझ्या सासरच्या दुसऱ्या उन्हाळ्याची ही गोष्ट. होळी तोंडावर आली असताना जेठ आबांना न विचारता मोटर घेऊन एका मित्राच्या वरातीला गेले. नवरदेव मोटरीत मिरवला. दुसऱ्या दिवशी गावाच्या पारावर, लोक बसलेले असताना, आबांनी जेठांच्या तोंडात मारली. जेठ तेव्हा तिशीचे होते.

जाड तेलाचा डबा धुळ्याहून आलेला होता. आबांनी तो आपल्या खोलीत ठेवला, कुलूप घातलं आणि किल्ली करगोट्याला बांधली. म्हणाले, "मन्हा पाय धर चार लोकेसमा, मंग ने तेल."

जेठांनी पाय धरले नाहीत. होळी गेली, पाडवा गेला. मोटर तशीच पातळ तेलावर चालत राहिली. तिच्या मागून निळसर धूर निघायला लागला. तो आबांना दिसे, जेठांनाही दिसे. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. जेवायला बसले की एकाचं तोंड पूर्वेला, दुसऱ्याचं पश्चिमेला.

जिजीला तेव्हा सातवा लागला होता. तिची आधीची दोन्ही बाळं पोटातच गेलेली. घरातला हा अबोला तिलाच जड जात होता, कारण बापावरचा राग जेठ तिच्यावर काढत. एके दिवशी ती पदर पसरून आबांपुढे उभी राहिली.

"आबा, किल्ली द्या. तुमना राग त्यासनावर शे, मोटरवर कसाले?"

आबा सुपारी कातरत होते. वर न बघता म्हणाले, "नवराले धाड."

ही गोष्ट जेठांच्या कानावर गेली. "मन्ही अब्रू काढाले गयथी का?" म्हणत त्यांनी तिला चुलीपाशीच लाथेनं ढकललं. मी मध्ये पडले तेव्हा थांबले. ओसरीवर बसलेल्या आबांना सगळं ऐकू येत होतं. त्यांच्या अडकित्त्याचा आवाज काही थांबला नाही.

वैशाखात आबांच्या पुतणीचं लग्न नंदुरबारला निघालं. जिजीनं जाऊ नये असं मला वाटत होतं, पण सगळं घर मोटरीतून उतरताना भाऊबंदांनी बघायला हवं, हा आबांचा हट्ट होता. आम्ही पहाटेच्या गारव्यात निघालो आणि नीट पोचलो. परतीचा बेत संध्याकाळचा होता. पण पंगतीत कुणीतरी आबांच्या आधी दुसऱ्याला गंध लावलं. आबा पानावरून उठले आणि भर दुपारी म्हणाले, "चाला."

ऊन असं होतं की मोटरीच्या दाराला हात लावता येत नव्हता. तापीच्या पात्रातल्या वाळूत चाकं रुतली. इंजिन ओरडायला लागलं, जेठ ते आणखी ओरडायला लावत होते, आणि मागून धुराचा लोट. कशीबशी मोटर काठावर चढली. प्रकाशा मागे पडलं. पुढे उघड्या रस्त्यावर आतून खडखड सुरू झाली, डब्यात खडे हलवावेत तशी. जेठांनी ती ऐकली. आबांनीही ऐकली. कुणीच थांबा म्हटलं नाही. मग करकचून एक आवाज झाला आणि मोटर जागच्या जागी उभी राहिली.

जेठांनी इंजिनातली तेल मोजायची काडी ओढून बघितली. काडीच्या टोकाला नुसता काळा ओशटपणा होता.

आबा म्हणाले, "तेल दखं व्हतं का निंघताना?" दोन महिन्यांत ते मुलाशी पहिल्यांदाच बोलले.

"किल्ली कोनाजोडे व्हती?"

"मांगाले तोंड नव्हतं तुले?"

तिथं, त्या उन्हात, दोघं भांडत राहिले. जिजी मोटरीच्या सावलीत बसली होती. तिनं माझा हात धरला आणि हळूच सांगितलं की पोटात दुखतंय.

तेवढ्यात मागून आमच्याच गावची एक रिकामी बैलगाडी आली. गाडीवानानं जिजीकडे बघितलं आणि काय ते ओळखलं. "आबा, बाईले गाडीमा घाली देऊत. मोटर आठेच ऱ्हाऊ द्या, तिले कोन लई जाई?"

"मन्ही मोटर रस्तावर पडी ऱ्हाई आनि लोके हासतीन?" आबा म्हणाले. "सोड बैल. मोटरले जुप."

गाडीवान घुटमळला. पण तो आबांच्या जमिनीत राबणारा, त्यानं बैल सोडले. गाडी रस्त्याच्या कडेला टाकली आणि दोरानं बैल मोटरीला जुंपले. चाक धरायला जेठ आत बसले. आबा वयामुळे शेजारी बसले. आम्हा दोघींच्या वजनानं बैलांना ओढ पडेल म्हणून आम्ही मागून चालायचं ठरलं.

मी आबांसमोर कधी तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी उघडलं. "आबा, जिजीना पोटमा दुखस. तिले तरी बसू द्या."

आबांनी मान वळवली. "दोन बुकं शिकीसन वनी, आते माले शिकाडस का?"

मी जेठांकडे बघितलं. त्यांनी समोरच्या काचेवरून नजर हलवली नाही. जिजी म्हणाली, "बोलू नको. मी चालस."

फुफाटा वहाणेतून आत येऊन तळव्याला चटके देत होता. बैलांच्या आणि मोटरीच्या धुळीतून आम्ही चालत होतो. थोड्या वेळानं धूळ पुढे गेली आणि आम्ही मागे राहिलो. मी हाका मारल्या. मोटर थांबली नाही. पुढे जिजी एका बाभळीला धरून खाली बसली. तिचं लुगडं ओलं झालं होतं.

जवळच्या शेतात एका भिलाची झोपडी होती. त्याची बायको धावत आली. तिची बोली मला निम्मी कळत होती, पण तिला सगळं कळत होतं. आम्ही दोघींनी जिजीला झोपडीत नेलं. तिनं घोंगडं अंथरलं, चूल पेटवली, जिजीच्या तोंडात आपल्या लुगड्याचा पदर दिला. मला बाळंतपणाचं काहीच ठाऊक नव्हतं. ती सांगेल तसं मी धरत होते, दाबत होते. मुलगा झाला. तो रडला नाही. त्या बाईनं त्याला उलटं धरलं, पाठीवर थापट्या मारल्या, त्याच्या नाकात फुंकलं. मग माझ्याकडे बघून मान हलवली. मी माझ्या पदराचा तुकडा फाडून त्यात त्याला गुंडाळलं आणि तिच्या नवऱ्यानं बांधाच्या कडेला खड्डा खणला.

दिवस कलताना गाडीवान बैल घेऊन आपली गाडी न्यायला परत आला. त्यानंच आम्हाला घरी आणलं. आमच्या अंगणात मोटरीभोवती गर्दी जमली होती. आबांनी गाडीत निजलेल्या जिजीकडे बघितलं. लुगड्यावरचं रक्त बघितलं. म्हणाले, "मागला दारघाई लई जा." शुभकार्याहून आलेल्या घरात पुढच्या दारानं ते नको होतं.

आठवड्याभरात धुळ्याहून मिस्त्री आला. त्यानं इंजिन उतरवून अंगणात पोत्यावर मांडलं. जिजीला ताप होता, आत अंधाऱ्या खोलीत ती पडून होती. मी तिच्या कपाळावर ओल्या घड्या ठेवत होते. खिडकीतून अंगण दिसायचं. मिस्त्री एकेक भाग पुसून दाखवायचा, जेठ वाकून बघायचे, आणि पहिल्या दिवशी ओसरीवरून बघणारे आबा दुसऱ्या दिवशी पोत्यापाशी येऊन बसले. तिसऱ्या दिवशी बापलेक एकाच भाकरीतून खाताना मी पाहिले. इंजिन जुळलं तेव्हा आबांनी स्वतः करगोट्याची किल्ली सोडली, डबा आणला आणि जेठांच्या हातात दिला. पाय धरण्याचा विषय कुणी काढला नाही. तेल उतरताना जेठ काहीतरी बोलले आणि आबा खदखदून हसले. त्या घरात मी आबांचं हसणं त्याआधी ऐकलं नव्हतं.

जिजीनं डोळे उघडले. "कोन हासी ऱ्हायनं?" तिनं विचारलं.

"आबा आणि जेठ," मी म्हणाले.

ती भिंतीकडे वळली.

ती उठून चालायला लागल्यावर तिचा भाऊ न्यायला आला. आबांनी त्याच्या देखत सांगितलं, हिचा पायगुण वाईट, तीनदा पोट वाया गेलं, आणि त्या दिवशी मोटर बसली तीही हिच्यामुळेच. भाऊ गरीब माणूस, खाली मान घालून ऐकत राहिला. जेठ घरात होते, बाहेर आले नाहीत. पुढच्या वर्षी त्यांचं दुसरं लग्न झालं.

सुट्टीत माझे यजमान आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. ऐकून ते म्हणाले, "तू आबांपुढे बोलायला नको होतंस." आबांनी माझ्या हातचं पाणी घ्यायचं बंद केलं होतं. ते पुन्हा घेईपर्यंत मी रोज सकाळी त्यांच्या पाया पडत होते.

पुढे यजमानांना नवापूरला कचेरीत नोकरी लागली आणि त्या घरातून मी सुटले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एकदा खांडबाऱ्याच्या बाजाराला गेले होते. मिरच्यांच्या राशीमागे जिजी बसलेली. केस पांढरे झाले होते, बाकी तशीच. भावाच्या शेतातली मिरची घेऊन ती दर बाजाराला यायची. तिनं मला शेजारी पोत्यावर बसवलं.

काय बोलावं सुचेना म्हणून मी सासरचं सांगू लागले. आबा अंथरुणाला खिळलेत, पेट्रोल मिळत नाही म्हणून मोटर विटांवर चढवून ठेवलीय, जेठांना दोन मुलं आहेत.

"तठलं काही सांगू नको माले," ती म्हणाली. मग मिरच्यांची देठं खुडता खुडता तिनं विचारलं, "तू दखा व्हता ना त्याले? माले तर त्या बाईनी दखूच दिधं नही. कोनासारखा व्हता?"

त्याचं नाक आबांचं होतं. कानांच्या पाळ्याही आबांच्या.

"तुमच्यासारखा," मी म्हणाले. "अगदी तुमच्यासारखा."

जिजीनं माझ्याकडे नीट बघितलं. "खोटं बोलस तू," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. समोर गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं होतं. तिनं तराजू उचलला आणि मिरच्या तोलायला लागली.